बोलकं स्टेअरिंग

मामा जेवायला बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे आत्यांपुढं धरले. साबणानं दोनदा धुऊनही काळेच होते.

"सकाळी ह्याच हातांनी रेडकू ओढून काढलं," मामा म्हणाले. "म्हशीचं हात धुतलं की जातंय. जीपचं जात न्हाई."

"मग ते स्टेअरिंग टाका की काढून," आत्या म्हणाल्या आणि त्यांच्या पानात भाकरी वाढली, हातांना न शिवता.

आमच्या कोल्हापूरकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. मामा जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण गारगोटीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या म्हशींना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या अजूनही पहाटे अडायच्या आणि मामा अजूनही जीप काढायचे. जीप चोवीस वर्षांची. स्टेअरिंगवरचं कातडं उन्हानं तडकून त्याचे कपचे निघत होते, आणि डावीकडं जिथं मामांचा अंगठा टेकायचा तिथं आतलं लोखंड दिसत होतं. गॅरेजवाल्यानं रेक्झिनचं कव्हर चढवून दिलं होतं, ते घाटातल्या वळणावर हातातल्या हातात फिरलं. मामांनी ते तिथंच दरीत टाकलं. मेलेल्या माशाला धरल्यासारखं वाटतंय, म्हणाले.

"कातड्याचं काम जाणणारा माणूस पायजे," मामा आमटीत भाकरी कुस्करत म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मी आमटीच्या पातेल्याकडं. मामांनी मान वर केली नाही. आपण काही बोललो हे त्यांना कळलं होतं की नाही, ते मला तेव्हा समजलं नाही.

माझे वडील, दादा, कोल्हापुरात चपला करतात. विकतात असं नाही, करतात. आजोबाही करायचे. रापीनं कातडं कापणं पुरुषांचं, आणि वेणी घालणं, वादीनं, कातड्याच्या दोरीनं, शिवणं बायकांचं. मी बारावीपर्यंत अभ्यासाची वही एका मांडीवर आणि वेणीचं कातडं दुसऱ्या मांडीवर घेऊन बसलेली मुलगी. संग्रामशी माझं लग्न झालं ते आम्ही दोघांनी ठरवून, नोंदणी करून. माझी जात सगळ्या गोतावळ्याला तेव्हाच कळली. कुणी रुसलं, कुणी फुगलं, हळूहळू निवळलं. मामा-आत्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं आणि त्यानंतर एकदाही वेडंवाकडं बोलले नाहीत. फक्त पहिल्या आठवड्यात, भाकरी थापता थापता, मिठाचा डबा कुठला ते सांगावं तशा सुरात आत्या म्हणाल्या होत्या, "कुणी विचारलं तर बाबा व्यापारात आहेत म्हणायचं."

मी बरं म्हणाले. त्यांचं गणित मला नंतर कळलं. जात एकदा कळली की तो विषय एकदाच निघतो. हातात कातडं टोचायची आरी आहे हे कळलं की रोज निघतो. लग्नात दादांनी मामांना एक जोड दिला होता. दादांच्या हातची चप्पल बोलते, पाऊल टाकलं की कर्र करते, हीच तिची ओळख. मामा ती घालून एकदाच चावडीपर्यंत गेले. तेवढ्या वाटेवर तिघांनी विचारलं, डॉक्टर, कुणाकडनं केली? दुसऱ्या दिवशी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेली. मामा परत बुटात.

आणि आता माझा सातवा महिना लागला होता. डोहाळजेवण रविवारी ठरलं होतं. मामांना अजूनही 'श्रीपती' म्हणणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण, मुरगूडच्या अक्का, येणार होत्या. अक्का आल्या म्हणजे सगळा गोतावळा आल्यासारखाच, कारण इथं बघितलेलं त्या चार तालुक्यांत सांगायच्या. आत्या मला म्हणाल्या, "तुझ्या आईला बोलवू. बाबांना कशाला त्रास, दुकान सोडून."

मी दादांना फोन केला. वाक्य कसं जुळवावं हे मला सुचेना. माझं अर्धंच बोलून झालं होतं तोवर दादा म्हणाले, "व्हय गं, रविवारी गिऱ्हाईक असतंय. आई यील की." इतक्या पटकन म्हणाले, की ते उत्तर त्यांनी आधीच कापून ठेवलेलं होतं हे मला कळलं. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

त्याच आठवड्यात मामा जुन्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला चार-पाच दिवस सांगलीला गेले. एसटीनं गेले, जीप शेडमध्ये राहिली.

लोक विचारत होते, काय खावंसं वाटतंय? चिंच आणू? आवळे आणू? मला खरं तर काही खावंसं वाटत नव्हतं. मला वास आठवत होता. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पिकवलेल्या कातड्याचा, पाण्यात भिजल्यावर उठतो तो. असले डोहाळे कुणाला सांगायचे? मी शेडमध्ये गेले, जीपमध्ये बसले आणि त्या फाटक्या स्टेअरिंगला नाक लावलं. त्याला फक्त डिझेलचा वास होता.

मी दादांना पुन्हा फोन केला. स्टेअरिंगला कातडं चढवायचं आहे, म्हणाले. त्यांनी कशाला, कुणासाठी, काही विचारलं नाही. दोऱ्यानं चाकाचं माप घे म्हणाले, घेराचं वेगळं आणि जाडीचं वेगळं. मग जरा थांबून म्हणाले, "हे चाकाचं झालं. हात कुणाचा हाय?"

"मामांचा."

"मग मामांच्या हाताचं माप धाड. चाकासाठी कोण कापतंय? कापायचं हातासाठी."

मामा सांगलीत, त्यांचा हात कुठून आणू? पण शेडमध्ये तो होता. गमबूट काढताना मामा भिंतीला उजवा हात टेकायचे. आत्या दर दिवाळीला तिथं चुना मारायच्या आणि दिवाळी संपायच्या आत त्यावर काळे पंजे उमटायचे, एकावर एक. त्यातला एक सुटा सापडला. मी त्यावर कागद धरला आणि पेन्सिलीनं बोटांच्या कडेकडेनं फिरवत आणलं, दादा गिऱ्हाइकाचं पाऊल कागदावर उतरवून घेतात तसं.

संग्रामनं तो कागद घडी करून कोल्हापूरला नेला. तो रोज तिकडं कामाला जातो. दुसऱ्या दिवशी तो बंडल घेऊन आला आणि जरा चक्रावलेला होता. म्हणाला, तुझ्या दादांनी कागद बघितला आणि म्हणाले, पंजा मोठा हाय डॉक्टरांचा. आत आणखी एक पदर घालायला सांग, म्हणजे मूठ भरंल.

मी सुतळी सोडली. दादांनी जन्मात एकटी वस्तू कधी कापली नव्हती. स्टेअरिंग एक असतं, पण ते आलं जोडीनं. अर्ध्या गोलाचे दोन तुकडे, डावा आणि उजवा, चपला ठेवतात तसे एकमेकांवर पालथे घालून. सोबत आतल्या पदराची पातळ पट्टी, वाद्यांची गुंडाळी, चिकटवायच्या खळीचा डबा आणि माझी आरी. माझीच. लाकडी मुठीवर मी नववीत असताना कोरलेलं 'तृ' होतं.

मी बादलीत कातडं भिजत घातलं आणि तो वास आला. पोटात बाळानं कूस बदलली.

दोन दुपारी काम चाललं. आधी जुनं कातडं खरवडून काढलं. मग आतली पट्टी, तिच्यावर ओलं कातडं ताणून, आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, खेचायची. ओलं असताना ताणलेलं कातडं सुकताना आवळतं. मग ते चाकाचंच होतं. जीपची सीट मागं सरकायची बंद होऊन वर्षं झाली होती, त्यामुळं माझं पोट स्टेअरिंगला टेकायचं. बाळ आतून लाथ मारायचं आणि मी म्हणायचे, थांब, हॉर्न नाही तो.

दुसऱ्या दुपारी आत्या मला शोधत शेडपर्यंत आल्या. मी दातात वादी धरलेली, हात कोपरापर्यंत ओले. आरी लपवायला जागा नव्हती आणि मला तसं करावंसंही वाटलं नाही.

आत्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग फाटकाकडं. रस्त्यानं कुणी जात नव्हतं. त्यांनी शेडचं दार ओढून घेतलं आणि निघून गेल्या. मला वाटलं, झालं. पाच मिनिटांनी दार उघडलं. हातात उशी होती. ती त्यांनी माझ्या पाठीमागं खोचली आणि शेजारच्या सीटवर बसल्या.

"हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"आईनं. शिवायचं काम बायकांचंच असतं आमच्यात."

मी वादी ओढत होते. थोड्या वेळानं त्यांनी बोट पुढं केलं. "इथली गाठ बाहेरनं दिसतीया," म्हणाल्या. आत्या गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवतात, त्यांच्या डोळ्यातून टाका सुटत नाही. मी गाठ सोडून आतल्या बाजूला घेतली. मग त्यांनी वादीचं दुसरं टोक धरलं, मला ओढायला सोपं जावं म्हणून. एका टोकाला त्या, एका टोकाला मी. शेडचं दार मात्र बंदच होतं.

शुक्रवारी मामा परतले. आल्या आल्या शेडमध्ये गेले आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. मामा सीटवर बसले. दोन्ही हात चाकावर ठेवले, मूठ मिटली, उघडली, परत मिटली. अंगठा जिथं टेकायचा तिथं टेकला.

"हाताला लागतंय," ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी चाक डावीकडं वळवलं.

कर्र.

मामा थांबले. उजवीकडं वळवलं. कर्र.

आपण काय केलं ते मला तेव्हा कळलं. दोन पदर एकमेकांवर बसवताना खळ सगळीकडं लावायची असते. पण दादा चपलेच्या तळाला फक्त कडेकडेनं लावतात, मधला भाग मुद्दाम कोरडा ठेवतात, म्हणजे कातडं कातड्यावर घासून बोलतं. मी लहानपणापासून तेवढंच बघितलेलं, तेवढंच केलेलं. स्टेअरिंग करताना माझ्या हातांनी मला विचारलंच नव्हतं. गाडीच्या चाकाची मी चप्पल केली होती.

आत्या आवाज ओळखून होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या.

"अक्कांना आणायला हीच जीप जाणार. त्या पुढं बसणार, अगदी चाकाला लागून. हे गप्प करता येईल?"

मी दादांना विचारलं. फोनवर दादा आधी हसले, तसं हसू मला कित्येक महिन्यांत ऐकू आलं नव्हतं. मग म्हणाले, "टाक्यातनं एरंडेल सोड दोन-चार थेंब. मधी मुरलं की गप्प हुतंय." आणि ठेवता ठेवता म्हणाले, "डॉक्टरांना आवडलं का?"

मी आवाज कसा घालवायचा तेवढंच विचारायला फोन केला होता.

शनिवारी सकाळी मी एरंडेलाची बाटली घेऊन शेडमध्ये गेले. मामा जीपमध्ये बसले होते. इंजिन बंद. चाक हळूहळू डावीकडं न्यायचे, कान द्यायचे, उजवीकडं न्यायचे, कान द्यायचे. म्हशीच्या पोटाला नळी लावून ऐकतात तसा चेहरा केलेला.

मला बघून त्यांनी हात पुढं केला. बाटली घेतली, बूच काढून वास घेतला.

"हे कुणाला? म्हशीला का जीपला?"

"जीपला. आवाज बंद होईल, मामा. उद्या अक्का येणार आहेत."

मामांनी बूच लावलं. आणखी एकदा चाक फिरवलं. मग म्हणाले, "तृप्ती, चावऱ्या म्हशीचं तोंडसुद्धा मी कधी बांधलं न्हाई." आणि बाटली आपल्या औषधांच्या पिशवीत टाकली. पिशवी खांद्याला लावून ते उतरले आणि भिंतीला हात टेकून गमबूट घालू लागले. हात उचलला तेव्हा भिंतीवर नवा ठसा नव्हता.

मी आत्यांना काही सांगितलं नाही. त्यांनीही तेल सोडलंस का म्हणून विचारलं नाही. मला वाटतं, मी हो म्हणाले असते तर त्यांना बरं वाटलं असतं आणि नाही म्हणाले असते तर करायला काही उरलं नसतं, म्हणून.

रविवारी मामा दिवस उगवायच्या आधीच जीप घेऊन गेले. मुदाळ तिट्ट्याच्या फाट्यावर अक्का मुरगूडच्या गाडीनं अकराला उतरणार होत्या, तिथं जायला अर्धा तास पुष्कळ. एवढ्या लवकर कशाला गेले, कुणालाच माहीत नव्हतं. अंगणात सतरंज्या पडल्या, गावातल्या बायका जमल्या, मला हिरवी साडी नेसवून फुलांच्या दागिन्यांत बसवलं. साडेअकराला जीप फाटकातून आत आली.

सरळ आत येऊन उभी करता आली असती. पण मामांनी ती मागं घेतली, पुढं घेतली, परत मागं घेतली. इंजिन बंद केल्यावरही चाक एकदा पूर्ण वळवलं. सगळ्या अंगणानं ऐकलं.

पुढच्या सीटवरून अक्का उतरल्या. मागून माझी आई उतरली, हातात ओटीचं ताट. आणि तिच्या मागं पांढरा सदरा घातलेले दादा. एक पाय जमिनीवर, एक अजून जीपमध्ये. मामा कोल्हापूरला जाऊन त्यांना घेऊन आले होते.

अक्कांनी पदर सारखा केला. "तिट्ट्यापासनं ऐकत आलीया," त्या आत्यांना म्हणाल्या. "करकर, करकर. श्रीपती म्हणतोय सुनंनं शिवलंय. कुठं शिकली म्हटलं, तर मागं बोट दावतोय." त्यांनी मागं बघितलं नाही. "व्याही व्यापारात हैत म्हणाली हुतीस नव्हं?"

दादांनी ऐकलं होतं. त्यांचा जीपमधला पाय तिथंच राहिला. परत आत बसावं की काय असं त्यांच्या मनात आलेलं मला इतक्या लांबून दिसलं.

मामा जीपला टेकून आत्यांकडं बघत राहिले. आपल्या वाट्याचं त्यांनी आणून अंगणात उभं केलं होतं, पुढचं आत्यांवर होतं.

आत्यांच्या हातात पाय धुवायच्या पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी ह्या हातातून त्या हातात घेतला.

"ते मीच तसं सांगितलं होतं, अक्का," त्या म्हणाल्या. "हिलाही मीच सांगायला लावलं. चपला करतात ते." मग अक्कांच्या बाजूनं पुढं गेल्या आणि जीपपाशी थांबल्या. "या व्याही. पाणी घ्या. ऊन लागलं असेल."

दादा उतरले. त्यांच्या पायातली चप्पल अंगणात वाजली, चार पावलं, आणि मग तांब्यातल्या पाण्याचा आवाज आला.

अक्कांनी माझी ओटी भरली. जेवल्याही, पुरणाची दुसरी पोळी मागून घेतली. परतताना मात्र जीप नको म्हणाल्या, एसटीनं गेल्या. आवाजानं डोकं दुखतंय, म्हणाल्या. ती डोकेदुखी पुढं वर्षभर राहिली. बारशाला आल्या नाहीत, पण कुंची शिवून पाठवली. सगळं एका दिवसात होत नाही.

माणसं पांगली, उन्हं उतरली. आई माझ्या केसांतली फुलं काढत होती. दादा आणि मामा ओसरीवर बसून हिरडा माणसाला चांगला की कातड्याला यावर बोलत होते. आत्यांनी संग्रामला हाक मारली आणि माळ्यावर चढवलं. तो वर्तमानपत्राची पुडी घेऊन खाली आला.

दोन वर्षं पडून चपला पापडासारख्या कडक झाल्या होत्या. आत्यांनी त्या ओसरीवर ठेवल्या, मामांच्या पिशवीतून एरंडेलाची बाटली काढली आणि दादांच्या समोरच खाली बसल्या. एक चप्पल मांडीवर घेतली.

दादा पुढं झुकले. "विहीणबाई, वरनं वरनंच लावा. मधल्या पदरात गेलं तर बोलायची बंद हुईल."

"न्हाई जाऊ देत मधे," आत्या म्हणाल्या, आणि कडेनं उतरत चाललेला ओघळ त्यांनी बोटानं अडवला.